अंग खाली आल्यासारखं वाटतं, त्यात खोकलाही आहे? मग हे वाचा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम तसंच टाकून लिहायला बसले. सकाळी बरं वाटतं, संध्याकाळपर्यंत खाली काहीतरी ओघळल्यासारखं जड होतं, एक डिलिव्हरी चिमटा लावून झालेली, बीपी आहे, खोकला जात नाही आणि दवाखान्यातून 'काही नाही, वयाचं आहे' म्हणून परत पाठवलं. माझीच गोष्ट आहे ही.

अंग खाली येण्याची, म्हणजे गर्भाशय जागेवरून खाली घसरण्याची कारणं, बाळंतपणं, पाळी जाणं, वजन, हे सगळं तुम्ही वाचलंच असेल, त्यात शिरत नाही. माझं दुसरं बाळ चार किलोच्या वर, तेही चिमट्याने, आईलाही हाच त्रास, म्हणजे पाया आधीच कच्चा. पण ते काही आता बदलता येत नाही. रोज वरून जो दाब पडतो तो कमी करता येतो, आणि माझं नेमकं तिथेच चुकलं.

मला दोन वर्षं कोरडा खोकला होता. घशात खवखव सुरू झाली की मी पाय आवळून भिंतीला धरून उभी राहायची आणि प्रत्येक ठसक्याला खाली ढकलल्यासारखं व्हायचं. सिरपच्या बाटल्या संपवल्या. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या आणि विचारलं, खोकला कधीपासून, ही गोळी कधीपासून? रामिप्रिल, बीपीची. या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना असा खोकला होतो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि काही आठवड्यांत खोकला गेला. (कृपा करून स्वतःहून गोळी बंद करू नका, बीपीशी खेळ नको.)

आणि तो दवाखाना! नाव घेत नाही, पण राग अजून आहे. सकाळी नऊला आडवं झोपवून दोन मिनिटांत तपासलं, ना खोकायला सांगितलं ना कुंथायला. झोपल्यावर अंग वर सरकतं, मग दिसणार काय? म्हणून मी सगळ्यांना सांगते, अपॉइंटमेंट दुपारनंतरची घ्या, 'मला जोर लावायला सांगून बघा, उभं करूनही बघा' असं स्पष्ट म्हणा. लाजू नका, दोन वर्षं माझी तिथेच गेली.

बद्धकोष्ठता असेल तर तीही तेवढीच वाईट, कुंथणं म्हणजे रोजचा दाबच. लोहाच्या गोळ्यांनी मला तसं व्हायचं. कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल घेतलं की पुष्कळ फरक पडतो. केगल व्यायाम, म्हणजे खालचे स्नायू आवळून आत वर ओढण्याचे, व्हिडिओ बघून करू नका हे माझं ठाम मत. मी कितीतरी महिने आत वर ओढण्याऐवजी खाली ढकलत होते, कुणीतरी हाताने तपासून दाखवलं तेव्हा कळलं. नीट जमल्यावरही तीन-चार महिने द्यावेच लागतात. अंग वर धरून ठेवायला योनीत सिलिकॉनची रिंग बसवतात, तीही विचारा, लगेच ऑपरेशनवर उडी नको. अर्थात मी डॉक्टर नाही, प्रत्येकीचं वेगळं असतं. लघवी अडली किंवा रक्त गेलं तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

तुम्ही खोकल्याचं लिहिलंय, बीपीचंही, पण गोळीचं नाव नाही. कुठली घेता आणि खोकला तिच्या आधीचा की नंतरचा, तेवढं लिहा.