बिनधास्त विचारा: अँटिऑक्सिडंटच्या बाटलीचं करायचं काय?

या वेळी टपालात आणि ईमेलमध्ये अर्धेअधिक प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत, फ्री रॅडिकल आणि अँटिऑक्सिडंट. म्हणून बद्धकोष्ठता आणि केस गळण्याचे प्रश्न पुढच्या अंकात, आज हेच.

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी सांगलीहून लिहितेय, वय ६१. सूनबाई पुण्यात नोकरी करते, तिने मला आणि ह्यांना अँटिऑक्सिडंट कॅप्सूलच्या दोन बाटल्या पाठवल्यात. त्यात व्हिटॅमिन ई ४००, सेलेनियम, द्राक्षाच्या बियांचा अर्क असं काय काय आहे. बाटलीवर लिहिलंय की फ्री रॅडिकलमुळे म्हातारपण येतं, कॅन्सर होतो, हार्ट अटॅक येतो. ह्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. घ्यायच्या का? नाही घेतल्या तर तिला वाईट वाटेल. आणि हे फ्री रॅडिकल म्हणजे नेमकं काय?

उत्तर: ताई, आधी ह्यांचं सांगते. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना ४०० चं व्हिटॅमिन ई स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करायचं नाही. जास्त डोसमध्ये ते स्वतःच रक्त गोठण्याच्या कामात खोडा घालतं, म्हणजे दोन्ही मिळून रक्तस्राव व्हायची भीती. ती बाटली पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा, तोवर कपाटात राहू द्या.

आता फ्री रॅडिकल. रेणूमध्ये इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात, एखादा एकटा पडला की तो रेणू अस्वस्थ होतो आणि शेजारच्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग तो शेजारी तसाच होतो, तो पुढच्याला धरतो, अशी साखळी चालू राहते. तुमच्या स्वयंपाकघरात हे रोज घडतंय. अख्खं जवस डब्यात महिनोन्‌महिने चांगलं राहतं, पण त्याची चटणी कुटून ठेवली की थोड्याच दिवसांत खवट वास यायला लागतो, बरोबर? कारण जवसाच्या तेलात अर्ध्याहून जास्त ओमेगा-३ असतं, ते फार नाजूक, कुटल्यावर त्याला हवा लागते आणि ही साखळी सुरू होते. खवटपणा म्हणजे फ्री रॅडिकलने केलेली नासाडीच. आपल्या पेशींच्या पडद्यातही अशीच नाजूक चरबी असते, आणि तिथे जाऊन साखळी तोडायचं काम व्हिटॅमिन ई करतं, अशी साखळी तोडणाऱ्या पदार्थांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. स्वतः इलेक्ट्रॉन देऊन ते थकलं की व्हिटॅमिन सी त्याला पुन्हा कामाला लावतं. इथपर्यंत बाटलीवरचं शास्त्र खरंच आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि बाटलीवाले इथेच थांबतात. आपण श्वास घेतो, पेशींच्या आतल्या छोट्या भट्ट्यांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, अन्न जळतं, तेव्हा थोडे इलेक्ट्रॉन गळतात आणि फ्री रॅडिकल तयार होतातच, जिवंत आहोत तोवर ते थांबणार नाही. म्हणून शरीराने स्वतःचा बंदोबस्त करून ठेवलाय. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम १९६९ मध्ये सापडलं, ते रात्रंदिवस हेच काम करतं, जोडीला कॅटॅलेज आहे, ग्लुटाथायोन आहे, इतकंच काय ज्याला आपण शिव्या घालतो ते युरिक ॲसिडसुद्धा रक्तात अँटिऑक्सिडंटचं काम करतं. शिवाय शरीर फ्री रॅडिकल मुद्दाम बनवतंही. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात, आणि ज्या मुलांना जन्मतःच ते बनवता येत नाहीत त्यांना पुन्हा पुन्हा गंभीर इन्फेक्शन होतात. रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइडही एक फ्री रॅडिकलच आहे, त्याच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं, आणि छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती गोळी त्याच्याच जोरावर काम करते. आता बोला, सगळे फ्री रॅडिकल मारून टाकायचे का?

फ्री रॅडिकलमुळे म्हातारपण येतं हा सिद्धांत १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडला. विचार पटण्यासारखाच होता, म्हणून पुढे मोठमोठ्या चाचण्या झाल्या. तुमच्या बाटलीतलंच व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम, अमेरिकेत आणि कॅनडात ३५ हजारांहून जास्त पुरुषांना देऊन बघितलं, प्रोस्टेटचा कॅन्सर कमी होईल या आशेने. २००८ मध्ये फायदा दिसेना म्हणून गोळ्या बंद केल्या. २०११ मध्ये पुढचा हिशोब आला तर नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये तो कॅन्सर १७ टक्के जास्त! डोस ४०० युनिटचाच होता. मग २०१२ मध्ये अशा ७८ चाचण्या आणि जवळपास ३ लाख माणसं एकत्र धरून आढावा घेतला गेला, त्यात आयुष्य वाढल्याचं काही दिसलं नाही, उलट बीटा कॅरोटीन (गाजराला केशरी रंग देतं ते) आणि व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत मृत्यू किंचित जास्तच निघाले.

मग भाज्या-फळं खाणारे जास्त निरोगी कसे, असं तुम्ही विचाराल. ते असतातच, त्यात वाद नाही. पण भाजीत फायबर असतं, पोटॅशियम असतं, शेकडो पदार्थ थोडे थोडे असतात, आणि पोटभर भाजी खाणारा माणूस बहुतेक वेळा वडापाव कमी खातो नि चालायलाही जातो. त्यातून एक पदार्थ उपसून, दहावीस पट करून कॅप्सूलमध्ये भरला की तोच फायदा मिळेल, ही उडी चुकली.

सूनबाईंना सरळ सांगा की डॉक्टर नको म्हणाले. त्याऐवजी पुढच्या वेळी येताना बदाम आणि सूर्यफुलाच्या बिया आण म्हणावं, व्हिटॅमिन ई त्यात भरपूर असतं.

प्रश्न: मी सोलापूरचा, वय ४८, बावीस वर्षं सिगारेट आहे, दिवसाला आठ-दहा. सुटत नाही. मित्र म्हणतो बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घे, फुप्फुस साफ राहतं. खरं का?

उत्तर: दादा, मित्राचं ऐकू नका, या बाबतीत तर नकोच. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर नेमका हाच प्रयोग झाला, रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर गोळी घेणाऱ्यांमध्ये १८ टक्के जास्त होता. लोकांना वाटलं योगायोग असेल. तर अमेरिकेत १८ हजार माणसांवर दुसरी चाचणी चालू होती, सिगारेटवाले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले लोक, त्यांना बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए. तिथे २८ टक्के जास्त कॅन्सर दिसला आणि १९९६ मध्ये चाचणी ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावी लागली.

गंमत अशी की फिनलंडच्या त्याच माणसांमध्ये, ज्यांच्या रक्तात सुरुवातीलाच जेवणातून आलेलं बीटा कॅरोटीन जास्त होतं, त्यांना कॅन्सर कमी झाला होता. म्हणजे गाजर, लाल भोपळा, शेवग्याच्या पाल्याची भाजी खुशाल खा, गोळी नको. धुराने भरलेल्या फुप्फुसात एवढा मोठा डोस गेला की तो स्वतःच ऑक्सिडाइज होऊन उलटं काम करतो, असं मानलं जातं.

आणि सिगारेटच्या एका झुरक्यात अब्जावधी फ्री रॅडिकल आत जातात हो. वरून धार चालू ठेवून खाली पोछा मारून काय होणार? सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो, इतकं काम कुठलीच कॅप्सूल करत नाही. सुटत नाही म्हणता तर निकोटिनचं च्युइंगगम, पॅच, औषधं सगळं मिळतं, आणि सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६, तिथे फोन करा. एकट्याने दात-ओठ खाऊन सोडायचा हट्ट धरू नका. आणि हो, सिगारेट सोडून मिश्री किंवा तंबाखू धरली तर ती सोडणं नव्हे.

प्रश्न: ठाणे, वय २७. मॅम जिममध्ये ट्रेनर सांगतो की हेवी वर्कआउटनंतर फ्री रॅडिकल वाढतात म्हणून व्हिटॅमिन सी १००० आणि ई ४०० रोज घे, रिकव्हरी फास्ट होते. मी दोन महिने घेतोय, चालेल ना?

उत्तर: फ्री रॅडिकल वाढतात हे ट्रेनर बरोबर बोलला. पण ते वाढल्यामुळेच स्नायूंना निरोप जातो की बाबांनो ताण आलाय, तयारीला लागा, आणि मग शरीर स्वतःची एन्झाइम वाढवतं, मायटोकॉन्ड्रिया वाढवतं. २००९ मध्ये जर्मनीत सुमारे ४० तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना तू घेतोस अगदी तोच डोस दिला. इन्सुलिन नीट काम करायला लागणं हा व्यायामाचा मोठा फायदा, तो गोळ्या न घेणाऱ्यांनाच मिळाला. घेणाऱ्यांचा निरोप वाटेतच दाबला गेला. अभ्यास छोटा होता हे खरं, आणि पुढचे सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, पण पैसे देऊन असा धोका कशाला घ्यायचा? शिवाय रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी बरीच वर्षं घेणाऱ्या पुरुषांमध्ये मुतखडे जास्त दिसलेत. आपल्याकडच्या उन्हात, त्यात पाणी कमी पिणाऱ्याने तर विचारच करावा. पुरुषाची रोजची गरज आहे ८० मिलिग्रॅम, एका मध्यम पेरूत ती भागून वर उरते. बंद कर, आणि ट्रेनरलाही पेरू खायला घाल.

प्रश्न: रत्नागिरी. बाबांचं वय ७४, डोळ्यांच्या डॉक्टरांनी मॅक्युलर डिजनरेशन सांगितलंय आणि अँटिऑक्सिडंटच्याच गोळ्या लिहून दिल्यात. तुम्ही मागे एका उत्तरात या गोळ्यांना नको म्हणाला होतात, मग बंद करू का?

उत्तर: नाही, बंद करू नका! बरं झालं विचारलंत. मॅक्युलर डिजनरेशन म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजणं, आणि हा एक आजार असा आहे जिथे फायदा मोठ्या चाचणीत दिसलाय. २००१ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात व्हिटॅमिन सी, ई, बीटा कॅरोटीन आणि झिंक एकत्र दिल्यावर, मधल्या टप्प्यातला आजार शेवटच्या टप्प्यात जाण्याचा धोका पाच वर्षांत साधारण २५ टक्क्यांनी कमी झाला. २०१३ मध्ये त्यात बदल करून बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं आणली. का ते वरच्या सोलापूरच्या दादांच्या उत्तरात आलंच आहे. म्हणून बाबा पूर्वी विडी-सिगारेट ओढत असतील तर पाकिटावर बीटा कॅरोटीन नाही ना एवढं बघा. गेलेली नजर परत येणार नाही हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी कंटाळून सोडतील. आणि तुम्हाला स्वतःला हा आजार नसेल तर बाबांच्या बाटलीतली एक उगाच तुम्ही घेऊ नका, आजार होऊच नये म्हणून ती उपयोगी पडत नाही.

प्रश्न: आवळा कँडी, ग्रीन टी, डार्क चॉकलेट यातलं जास्त अँटिऑक्सिडंट कशात? पाकिटावर स्कोअर लिहिलेला असतो तो बघायचा का? (नागपूर)

उत्तर: स्कोअर बघू नका. तो टेस्ट ट्यूबमध्ये मोजलेला असतो, पोटात गेल्यावर त्याचं काय होतं ते तो सांगत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची यादी वेबसाइटवर ठेवली होती, कंपन्या तिचा वापर जाहिरातीला करायला लागल्या तेव्हा २०१२ मध्ये काढूनच टाकली. आवळा उत्तम, पण कँडीत साखर किती ते चाखूनच कळतं. मिठाच्या पाण्यातला आवळा खा. ग्रीन टी आवडत असेल तर प्या, नसेल तर आपला चहा काही वाईट नाही, चहाची पानं एकाच झाडाची.

प्रश्न: मी नाशिकला घरून चकली, शेव, चिवडा करून विकते. तळणीचं तेल उरतं, टाकवत नाही, महाग आहे. त्यातच नवीन ओतून पुन्हा वापरते. मुलगी म्हणते त्यात फ्री रॅडिकल होतात. करडईचं तेल हार्टला चांगलं म्हणून तेच वापरते.

उत्तर: ताई, मुलगी बरोबर सांगतेय, आणि तुमचा प्रश्न मला या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तुमची चकली कितीतरी घरांत जाते.

करडईचं तेल वरणावर, कच्चं, फोडणीला छान. पण त्यात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलिक ॲसिड नावाची चरबी असते, ती नाजूक, तासभर तळण झालं की भराभर ऑक्सिडाइज होते. तळणीला शेंगदाणा तेल जास्त टिकतं. (हाय ओलिक असं लिहिलेलं करडई किंवा सूर्यफूल मिळालं तर तेही चालेल, फक्त महाग पडतं.)

जुन्यात नवीन ओतणं हे सगळ्यात वाईट, कारण जुन्या तेलात साखळी आधीच चालू असते, ती नव्या तेलाला लगेच धरते. म्हणजे पैसे वाचत नाहीत, नवीन तेलही लवकर जातं. उरलेलं तेल थोडं निवलं की बारीक गाळणीतून किंवा मलमलमधून गाळा, जळका चुरा राहू देऊ नका, आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात अंधारात ठेवा. लोखंडी कढईत तसंच रात्रभर ठेवू नका. कल्हई गेलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तर मुळीच नको, लोखंड आणि तांबं दोन्ही ही क्रिया वाढवतात. ते गाळलेलं तेल एखाद्या वेळी फोडणीला, परतायला संपवा, पुन्हा तळणीला नको.

तेल गेलं हे ओळखायचं कसं? चकली टाकल्यावर बुडबुडे लगेच विरत नाहीत, वर फेस धरून राहतो. पूर्वीपेक्षा मंद आचेवर धूर निघतो. बोटांत धरलं तर चिकट लागतं. यातलं काहीही दिसलं की संपलं. कायद्याने तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल तापून तापून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरता येत नाही, जुलै २०१८ पासून हा नियम आहे, आणि ते मोजायचं थर्मामीटरसारखं छोटं मशीन मिळतं. एकटीला महाग पडेल, चार-पाच जणी मिळून घ्या. खराब झालेलं तेल मोरीत ओतू नका, बायोडिझेलसाठी ते गोळा करणारे असतात, तुमच्या भागात कोण येतं ते अन्न-औषध प्रशासनाच्या ऑफिसात विचारा.

आणि प्रत्येक घाण्याचा हिशोब वहीत ठेवा, किती तेल घातलं, किती किलो माल निघाला. एकदा आकडा समोर आला की चकलीच्या किलोमागे नवीन तेलाचे किती रुपये वाढवायचे ते कळेल, आणि माझा अंदाज आहे की तुमचं गिऱ्हाईक ते देईल.