पाळकांच्या बदलीनंतर मंडळीचे काय?

प्रश्न : पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंची, बदली झाली की आमच्या मंडळीतील (चर्चच्या सभासद-समुदायातील) बायबल-वर्ग आणि घरोघरच्या प्रार्थनासभा बंद पडतात. सभासदांतून पुढारी कसे घडवावेत?

उत्तर : बायबलमधील प्रेषित पौलाच्या, आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (अध्याय २, वचन २) शिकवणुकीच्या चार पिढ्या दिसतात : पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि त्यांनी शिकवलेले इतर. पाळकांनी याच रीतीने दोन-तीन विश्वासू सभासदांना, ज्यांत भगिनीही असाव्यात, आजाऱ्यांच्या भेटीला सोबत न्यावे. प्रथम त्यांनी नुसते पाहावे, पुढे वचनवाचन व प्रार्थना त्यांनीच चालवावी आणि परतताना काय उणे राहिले, यावर मोकळेपणाने बोलणे व्हावे. केवळ मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीवर निवडून आल्याने कोणी शिष्य घडवणारा होत नाही, असे माझे ठाम मत आहे. बायबल-वर्गाची जबाबदारी मात्र बदलीची वाट न पाहता आताच सोपवावी.