आठ जणांच्या सेल्स टीमसाठी ऑनलाइन सीआरएम कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की वागळे इस्टेटमध्ये पंप-व्हॉल्व्हची डीलरशिप आहे, आठ सेल्समन आहेत, सगळा कारभार एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतो, आणि तीन कंपन्यांच्या सीआरएमचे, म्हणजे गिऱ्हाईक, इन्क्वायरी आणि फॉलोअप एका जागी नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, डेमो पाहून गोंधळ वाढलाय. मी रबाळ्याला अशाच धंद्यात सेल्स कोऑर्डिनेशन बघते. सॉफ्टवेअर विकत नाही, रोज वापरते आणि इतरांकडून वापरून घेते.

डेमो तुम्ही पाहिलेत, म्हणजे मालकाने. ते बनवलेलेही मालकासाठीच असतात. रंगीत ग्राफ, किती इन्क्वायरी ऑर्डरपर्यंत टिकल्या ते दाखवणारा फनेल, पुढच्या महिन्यात किती ऑर्डर येतील त्याचा अंदाज. पण त्या ग्राफात आकडा भरणारा माणूस तेव्हा तळोज्याला एखाद्या केमिकल कंपनीच्या गेटवर उभा असतो. अशा बऱ्याच प्लांटमध्ये मोबाइल सिक्युरिटीकडे जमा करावा लागतो. आत तासभर बोलणं होतं, बाहेर आल्यावर फोन हातात पडतो तेव्हा मिस्ड कॉलची रांग लागलेली असते आणि पुढची पार्टी महापेला वाट बघत असते. बाईकला किक मारायच्या आधीच्या दोन मिनिटांत तो जे भरेल तेच तुमचं सीआरएम. रात्री घरी जाऊन भरेल ही आशा सोडा. शनिवारी एका दमात भरलेल्या आठवड्याच्या व्हिजिट मला लांबून ओळखू येतात, सगळीकडे एकच रिमार्क असतो: 'पॉझिटिव्ह, फॉलोअप करणार'.

म्हणून ट्रायल स्वतः घेऊ नका, दोन सेल्समनना द्या. एक हौशी पोरगा आणि एक तुमचा सगळ्यात जुना, 'हे नवीन कशाला' म्हणणारा. खोटा डेटा नको, चालू इन्क्वायरीच टाकायला लावा. सक्तीचे रकाने चारच ठेवा: पार्टी, काय हवंय, अंदाजे रक्कम, पुढच्या फॉलोअपची तारीख. 'कॉम्पिटिटर कोण', 'डिसिजन मेकर कोण' हे सगळं नंतर. रिमार्क मराठीत बोलून टाकू दे, फोनच्या कीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग चांगलं चालतं. पार्टीचं नाव मात्र टॅलीत, म्हणजे तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, जसं आहे तसंच निवडायला लावा, टाइप करू देऊ नका. तळोज्यात शेडच्या आत रेंज जाते, तेव्हा नेटशिवाय एन्ट्री सेव्ह होते का आणि रेंज आल्यावर आपोआप चढते का, तेही त्या दोघांकडूनच तपासून घ्या.

आता मुख्य सवाल: सेल्समनने ते उघडावंच का? तुमच्या रिपोर्टसाठी तो उघडणार नाही. गेटवर उभं असताना त्याला पार्टीला मागच्या वेळी दिलेला रेट, शेवटच्या कोटेशनची पीडीएफ आणि किती पेमेंट अडकलंय हे एका स्क्रीनवर दिसलं, तर तो न सांगता उघडेल. आमच्याकडे माणसं अ‍ॅपकडे वळली ती उधारी दिसायला लागल्यावर. तोवर 'जरा टॅलीत बघून सांग ना' असे फोन दिवसभर माझ्याकडेच यायचे. त्यामुळे विक्रेत्याला ग्राफबद्दल कमी आणि टॅलीबद्दल जास्त विचारा. तुमची टॅली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असेल तर तिथले आकडे सीआरएमला पोचवणारा एक छोटा प्रोग्राम, कनेक्टर, मधे बसवावा लागतो, आणि तो कॉम्प्युटर बंद असला की आकडे शिळे राहतात. कनेक्टर कोण देतं, त्याचे वेगळे पैसे आहेत का, बिघडला तर फोन कोणाला करायचा, हे लेखी घ्या.

डुप्लिकेट पार्टी हा दुसरा त्रास. एकच कंपनी, एकाने 'प्रा. लि.' लावून टाकली, दुसऱ्याने नुसत्या नावाने, तिसऱ्याने परचेसवाल्या साहेबांच्या नावाने. मग दोन सेल्समन एकाच साहेबांना दोन रेट देतात आणि साहेब खालचा धरून बसतात. यावर उपाय तुमच्या बिलावरच छापलेला आहे. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा २४, आणि पुढची १० अक्षरं म्हणजे कंपनीचा पॅन. त्यामुळे एखाद्या कंपनीचा एक प्लांट तळोज्याला आणि दुसरा दहेजला असला तरी मधला पॅन एकच राहतो. जीएसटी नंबरसाठी वेगळा रकाना करा, 'हा दोनदा येऊ नये' अशी अट त्यावर लावा, आणि पॅनवरून ग्रुप बांधता येतो का ते विचारा. नवीन इन्क्वायरीला जीएसटी नंबर नसतो, तिथे मोबाइल नंबरवर तपासणी लावा.

इंडियामार्ट या ऑनलाइन बाजारावरून इन्क्वायरी येत असतील, तर ती तुमच्यासोबत आणखी सप्लायरनाही गेलेली असते. पहिला फोन कोणाचा, यावर बरंच ठरतं. त्यांच्या लीड, म्हणजे अशा इन्क्वायरी, थेट सीआरएममध्ये आणायची सोय आहे. ती तुमच्या प्लॅनमध्ये येते का, आणि लीड आल्यावर एरियाप्रमाणे वाटप आपोआप होतं का, हे बघा. ठाणे-बेलापूर रोड एकाकडे, अंबरनाथ-बदलापूर दुसऱ्याकडे, एवढा साधा नियम लावता आला तरी पुरे.

कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅपबद्दल विक्रेते जरा जास्तच बोलतात. 'सेल्समनचा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होईल' असं कोणी म्हटलं तर कसं, ते विचारा. अँड्रॉइडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या (दिव्यांगांसाठी असलेल्या सोयीच्या) मार्गाने कॉल रेकॉर्ड करणारी अ‍ॅप गुगलने मे २०२२ पासून प्ले स्टोअरवर बंद केली, आणि आयफोनमध्ये बाहेरच्या अ‍ॅपला कॉल लॉगच वाचता येत नाही. खरंच रेकॉर्डिंग हवं असेल तर क्लाउड टेलिफोनीचा, म्हणजे कॉल इंटरनेटवरच्या सर्व्हरवरून फिरवणारा, नंबर घ्यावा लागतो, त्याचं बिल वेगळं. व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. अधिकृत बिझनेस एपीआयवरून, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपनेच दिलेल्या मार्गाने, जोडणी असेल तर ठीक, त्यात मेसेजचे पैसे पडतात. ब्राउझरला काहीतरी चिकटवून फुकटात शेकडो मेसेज पाठवून देणारे भेटतील, पण ते व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमात बसत नाही, नंबर ब्लॉक होऊ शकतो. वर्षानुवर्षं व्हिजिटिंग कार्डावर छापलेला नंबर कोणी असा पणाला लावतं का?

नावं विचारलीत, तर माझं मत असं. चेन्नईच्या झोहोचं सीआरएम २००५ पासून आहे, तीन यूजरपर्यंत फुकट आवृत्ती मिळते, म्हणजे तुमची दोन माणसांची ट्रायल तिथे निवांत होईल. सेटिंग मात्र इतकी आहेत की ऑफिसात एक माणूस त्याला वाहून घेणारा लागतो. फ्रेशवर्क्सही मूळची चेन्नईचीच, तिचं फ्रेशसेल्स हाताळायला सोपं वाटतं. बेंगळुरूच्या लीडस्क्वेअर्डचा भर जिथे दिवसाला ढिगाने लीड येतात अशा धंद्यांवर आहे, क्लासेस, कर्ज वगैरे. पंपाच्या इन्क्वायरी तशा नसतात. सेल्सफोर्स १९९९ पासूनचं, सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर न बसवता इंटरनेटवरून भाड्याने द्यायची ही पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा हात. पण ते बसवून देणारा सल्लागार लागतो, आठ माणसांसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. आपल्या मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे, स्टॉक आणि बिलिंगही त्यातच हवं असेल तर बघण्यासारखं. फक्त मग टॅली सोडायची की नाही हा मोठा प्रश्न आधी सोडवावा लागेल, आणि तुमच्या अकाउंटंटशी तुमचे संबंध कसे आहेत ते मला माहीत नाही.

पैशांचं थोडक्यात. वेबसाइटवरचा दर साधारण 'एका यूजरचा, एका महिन्याचा, पण वर्षाचे एकदम भरल्यास' असा असतो, वर १८ टक्के जीएसटी. डेमोत दाखवलेलं फीचर नेमकं कोणत्या प्लॅनमध्ये आहे ते ईमेलवर लिहून मागा, बऱ्याचदा ते वरच्या प्लॅनमध्ये निघतं. विक्रेता परदेशी कंपनीच्या नावाने बिल देत असेल तर रिव्हर्स चार्जमध्ये जीएसटी तुम्हीच भरायचा आणि नंतर क्रेडिट घ्यायचं, सीएंना आधी कल्पना द्या. कार्डावर ऑटो-डेबिट लावणार असाल तर १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. तो ज्याच्या फोनवर येतो तो सुट्टीवर असला की पेमेंट अडकलंच.

लोकेशन ट्रॅकिंगचं बटण बघून बहुतेक मालकांचे डोळे चमकतात. दिवसभराचं ट्रॅकिंग लावू नका. बॅटरी दुपारीच संपते, आणि ज्या माणसाने वीस वर्षं तुमच्यासाठी पार्ट्या सांभाळल्या त्याला आपल्या पाळतीवर कोणी आहे हे लगेच कळतं. व्हिजिटच्या जागी पोचल्यावर अ‍ॅपमध्ये चेक-इन, म्हणजे हजेरी, पुरतं. त्या चेक-इनमधल्या किलोमीटरवरून पेट्रोलचं व्हाउचर बनत असेल तर लोक स्वतःहून चेक-इन करतात.

पैसे भरायच्या आधी ट्रायलमधला सगळा डेटा बाहेर काढून बघा. पार्ट्यांची यादी सगळेच देतात. रिमार्क, फॉलोअपचा इतिहास आणि जोडलेली कोटेशनं बाहेर येतात का, आणि कोणता रिमार्क कोणत्या पार्टीचा हे फाइलमध्ये कळतं का, ते उघडून तपासा. एक्स्पोर्टचं बटण सेल्समनच्या लॉगिनला बंद ठेवा. आणि अ‍ॅडमिन लॉगिन कंपनीच्या ईमेलवर घ्या, ज्या भाच्याने रविवारी बसून सेटअप करून दिला त्याच्या जीमेलवर नको.