गावठाणात घर बांधण्याआधी जमिनीची पुरातत्त्वीय तपासणी करून घ्यावी लागते का? आमची जागा जुन्या पांढरीवर आहे.

संरक्षित स्मारक किंवा स्थळ जवळ नसेल तर खाजगी जागेसाठी अशी तपासणी सक्तीची नाही. पण तुम्ही 'पांढरी' म्हणालात, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव प्रवरेकाठी. जोर्वे आणि दायमाबाद ही उत्खननात सापडलेल्या प्राचीन वस्त्यांची स्थळं याच नदीवर. आमचं जुनं घर पांढरीच्या उतारावर होतं. नऊ वर्षांपूर्वी दादाने ते पाडून नवं बांधायला काढलं. मी पुण्याहून पोचलो तेव्हा जेसीबीने शौचालयाचा शोषखड्डा पुरुषभर खोल नेला होता. खड्ड्याच्या भिंतीत थर स्पष्ट दिसत होते: राख, चोपलेली जमीन, पुन्हा राख. आणि खाली दोन मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. एक बकेटच्या दाताने फुटलं होतं. आत बोटाएवढी हाडं.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली अशीच बाळांची दफनं सापडली. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं मूल घरातच, पायाखाली ठेवलं होतं. मी दादाला म्हटलं, दोन दिवस थांब, फोटो काढू, मोजमाप घेऊ, कॉलेजात फोन करतो. तो म्हणाला, "सरकार जागा घेईल, तू पुण्यात राहतोस, तुझं काय जातंय?" जेसीबी तासावर होता. संध्याकाळी खड्डा बांधून झाला, माती ट्रॉलीतून गेली.

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, आता देतो. खापरं निघाली म्हणून कुणाची जागा जात नाही. स्थळ संरक्षित करायचं तर केंद्राच्या कायद्यात आधी अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने मिळतात. आणि संरक्षित होणं म्हणजे मालकी जाणं नव्हे. या भीतीपायी गावोगावच्या पांढरी खरवडल्या जातात. ही सरळ नासधूस आहे.

तुम्ही एवढं करा. पहिल्या पावसानंतर जागेवर फिरा, धुऊन वर आलेली खापरं बघा. काळ्या नक्षीची, पातळ, टिचकी मारली की खणखणीत वाजणारी लाल खापरं दिसली तर जोर्वे काळाची, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची असू शकतात. जवळच्या विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला थर दिसतात, तेही पाहा. मग जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला फोटो पाठवा. स्वतः खणून बघू नका, थर बिघडतात. पाया शक्यतो उथळ ठेवा, भराव घालून जोतं उचला, आणि शोषखड्डा पांढरीबाहेर काळीत, म्हणजे शेताच्या काळ्या जमिनीत घ्या. इंजिनियरलाही विचारा, कारण पांढरीत जुने राखेचे खड्डे असले तर पाया एकसारखा बसत नाही.

एक राहिलं. केंद्र-संरक्षित स्थळापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, त्यापुढच्या आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. नाणी, दागिने निघाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. तिथे लपवाछपवी करू नका.

दादा, तू हे वाचलंस तर ती ट्रॉली कुणाच्या शेतात रिकामी केली तेवढं सांग. नांगरटीनंतर खापरं अजून वर येत असतील. मी येऊन वेचतो.