डिस्क पाठवण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझ्या तिकडच्या, परदेशातल्या डिस्क गोल्फ क्लबातले लोक (फ्रिस्बीसारखी चकती कमीत कमी फेकींत ठरलेल्या लक्ष्यापर्यंत पोचवायची, तो हा खेळ) दीडशे जुन्या डिस्क द्यायला तयार आहेत आणि गावाकडच्या तीन जिल्हा परिषद शाळांत त्या वाटायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून बरं वाटलं. पण खोकं भरायची घाई करू नकोस. डिस्क मिळवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. दर आठवड्याला त्या कपाटातून बाहेर काढणारं माणूस आणि गावातच बनलेली बास्केट, म्हणजे डिस्क अडवणारी साखळ्यांची टोपली, या दोन गोष्टी नसतील तर दीडशेच काय, पंधराशे पाठवल्यास तरी उपयोग नाही.

आधी डिस्कबद्दल. लोक दान करतात त्या बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीच्या डिस्क असतात. हौसेने घेतलेल्या, झेपल्या नाहीत म्हणून पडून राहिलेल्या. डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड (किती वेग लागतो), ग्लाइड (किती तरंगते), टर्न आणि फेड (सुरुवातीला आणि शेवटी किती वळते). स्पीड १२ च्या डिस्कला तेवढा वेग मिळाला नाही, तर ती तरंगतच नाही. दहा वर्षांच्या मुलीने उजव्या हाताने बॅकहँड (हाताची पाठ पुढे ठेवून) फेकली, की पंधरा-वीस मीटरवर डावीकडे कलंडून खाली येते. आपल्याला हे जमणारं नाही, असं तिला वाटतं आणि पुढच्या तासाला ती खो-खोकडे वळते. दोष डिस्कचा, पण बोल लागतो पोरीला. म्हणून क्लबाला स्पष्ट सांग: फक्त पटर (जवळच्या फेकीची, स्पीड २-३) आणि मिडरेंज (मध्यम पल्ल्याची, स्पीड ४-५), वजन शक्यतो १४० ते १६० ग्रॅम. मोठ्या माणसांच्या डिस्क साधारण १७०-१७५ ग्रॅमच्या असतात. त्या सहावी-सातवीच्या मुलांना चालतील, चौथीच्या नाही.

मिळालेली प्रत्येक डिस्क हातात घेऊन बघ. तडा गेलेली बाजूला काढ. काठावर टोकं निघाली असतील तर बारीक पॉलिश पेपरने घास, नाहीतर बोटं कापतात. आतल्या बाजूला कुणाचं नाव आणि फोन नंबर असेल, तर ती हरवलेली डिस्क असण्याची शक्यता असते. मालकाला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. रंग गुलाबी, नारिंगी, पांढरा. हिरवी डिस्क श्रावणातल्या गवतात पडली की गेलीच. विहिरीपासून तर सगळ्याच लांब ठेवायच्या, बहुतेक गोल्फ डिस्क पाण्यात बुडतात.

तीस मुलांच्या वर्गाला ३६ डिस्क पुरतात. वजन साडेपाच किलोच्या आसपास, म्हणजे तुझ्या एका बॅगेच्या कोपऱ्यात बसतील. येताना बरोबर आण, यादी आणि अंदाजे किंमत लिहिलेला कागद वर ठेव, आणि सामानाची त्या वेळची शुल्कमुक्त मर्यादा तपासून घे. कुरियरने भेट म्हणून पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरियरने येणाऱ्या अशा भेटींना शुल्कमाफी राहिलेली नाही, औषधं आणि राखी एवढेच अपवाद. शिवाय परदेशी क्लबाने भारतातल्या संस्थेला वस्तू दिली तरी ती एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्यात परदेशी देणगीच ठरते, फक्त पैसाच नव्हे. ती घ्यायला संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. तुझा पासपोर्ट भारतीय असेल आणि तू स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत दिलेस, तर ते त्यात मोडत नाहीत. क्लबाचे पैसे तुझ्या खात्यातून फिरवून द्यायचे नाहीत. पहिला रुपया हलवण्याआधी एखाद्या सीएला विचार.

बास्केट तर तिकडून अजिबात आणू नकोस. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एड हेड्रिक यांनी साखळ्यांची बास्केट बनवली, त्याआधी लोक झाडांवर आणि खांबांवरच नेम धरत होते. तुझ्या शाळांनीही पहिले दोन महिने तसंच खेळावं. कडुलिंबाच्या बुंध्याला कमरेएवढ्या उंचीवर गोणपाट गुंडाळायचं, डिस्क गोणपाटाला लागली की होल (खेळातला एक टप्पा) पूर्ण. गोणपाट हवंच, नाहीतर साल सोलली जाते. दोन महिन्यांनंतरही पोरं खेळत असतील तर बास्केटवर खर्च कर.

तालुक्याच्या फॅब्रिकेटरला रेखाचित्र दे. मधला खांब दीड इंची जीआय पाइपचा. टोपलीची कड जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर (मोठ्यांसाठी ती ८२ च्या आसपास असते), टोपलीचा व्यास साधारण ६५, तळाला जाळी. वरचं साखळ्यांचं कडं टोपलीच्या कडेपासून ५५ सेंटिमीटर उंच. साखळी ४ मिलिमीटरची, गॅल्व्हनाइज्ड. बाहेरच्या बाजूने बारा पदर, आतून सहा, आणि सगळ्यांची खालची टोकं खांबाभोवतीच्या एका कड्यात. फॅब्रिकेटर हमखास चुकतो तो इथे: दिसायला नीटनेटकं म्हणून साखळ्या ताणून बसवतो. ताणलेल्या साखळीवर डिस्क आपटून परत येते. पदराला ढील हवी, म्हणजे डिस्कचा जोर साखळीत जिरतो आणि ती टोपलीत पडते. जाड साखळी घेतली तरी तोच प्रकार, कारण हलक्या डिस्कने ती हलतच नाही. सायकलची चेन लावू असं कुणीतरी सुचवेलच, ती एकाच बाजूला वाकते आणि ग्रीसने हात काळे करते. आणखी एक गोष्ट स्वतः उभं राहून बघ: वरचं कडं जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर येतं, म्हणजे नेमकं लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. तिथे सळईचं एकही टोक बाहेर राहता कामा नये. टोकं आत वळवून वेल्डिंग ग्राइंडरने साफ करून घे.

खांब जमिनीत गाडू नकोस. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि खांब कलतो. जमीन मुरमाड असली तरी सुट्टीत साखळ्या भंगारात जाण्याची भीती आहेच. त्यापेक्षा कारच्या जुन्या टायरमध्ये काँक्रीट भरून मधोमध दोन इंची पाइपचा फूटभर तुकडा उभा बसव. दीड इंची खांब त्यात सहज उतरतो. काँक्रीटवर सात दिवस पाणी मार. बैठक जड होते, पण टायर उभा केला की दोन पोरं ती गडगडवत नेतात. खेळ संपला की बास्केट वर्गात.

शाळेच्या पटांगणात नऊ होल बसवायचा हट्ट नको. चार पुरेत, २० ते ३५ मीटरचे. टी, म्हणजे पहिली फेक जिथून करायची ती जागा, म्हणून फक्कीची रेघ. एका होलची फेक दुसऱ्या होलवरून किंवा फाटकाकडच्या वाटेवरून जाता कामा नये, आखणीत एवढं पाळलं की बाकी सगळं जमवून घेता येतं. सरावाच्या वेळी सगळ्यांनी एकाच दिशेला फेकायचं आणि शिक्षकांनी सांगितल्यावर सगळ्यांनी मिळून गोळा करायला जायचं. पहिल्या दिवशीची दुखापत बहुधा झेलताना होते. समोरून आलेली वस्तू झेलायची हा आपल्या पोरांचा क्रिकेटचा हात. गोल्फ डिस्कचा काठ अरुंद आणि कडक असतो, बोट मुरगळतं. झेलायचीच हौस असेल तर अल्टिमेटच्या (फ्रिस्बी झेलायच्या सांघिक खेळाच्या) १७५ ग्रॅमच्या दोन डिस्क वेगळ्या दे.

फेक शिकवताना पळत येणं बंद ठेवा. आडवं उभं राहायचं, चार बोटं तळाशी पसरलेली, अंगठा वर, डिस्क छातीसमोरून सरळ ओढायची. जोर कमी, फिरकी जास्त. पुढचा काठ वर उचलला गेला की डिस्क आभाळाकडे जाते आणि जागच्या जागी उतरते, ही चूक दहातल्या आठ मुलांची असते. मनगट ढिलं आणि हात खाली ठेवायला सांगितलं की पुष्कळ सुधारते. दहा मीटरपासून सुरुवात करा. गुण मुलांनी स्वतः वहीत मांडावेत, चौघांच्या गटात एक मुलगी किंवा मुलगा लिहिणारा.

आता कपाटाचं. शाळेत आलेली वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढते. त्यातली एक जरी हरवली, तरी खुलासा मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. म्हणून चांगलं साहित्य कुलपात राहतं, यात त्यांचा दोष नाही. देणगीच्या पत्रातच लिही, की डिस्क हे वापरून संपणारं साहित्य आहे आणि वर्षाला पाचेक हरवतील किंवा फुटतील हे देणाऱ्याला मान्य आहे. हे वाक्य असेल तर किल्ली फिरते. दुसरं दुखणं बदलीचं. ज्या गुरुजींना तू शिकवशील ते दोन वर्षांनी दुसऱ्या तालुक्यात असतील. म्हणून शिक्षक दोन आणि त्यांच्याबरोबर गावातच राहणारं कुणीतरी, माजी विद्यार्थी असला तर उत्तम. दुरुस्तीसाठी दर वेळी तुझ्याकडे हात पसरावा लागू नये: समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. साखळ्या बदलायला त्यातून पैसे निघतात का, हे मुख्याध्यापकांना आताच विचार.

तीन शाळांऐवजी एकच धर. निवड करताना पटांगण कितीही मोठं असो, ज्या शाळेत खेळाचा तास वेळापत्रकावर नुसता लिहिलेला नसून खरंच होतो तीच घे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं की पटांगणाची लांबी-रुंदी, झाडं, विहीर, वाट आणि फाटक दाखवणारं कच्चं चित्र काढून मला पाठव. चार होल कुठे बसतील ते त्यावर आखून देतो.

तुझा,
काका