डेलावेअरमध्ये एलएलसी काढतोय. रजिस्टर्ड एजंट म्हणून न्यू जर्सीतल्या मामेभावाचं नाव देऊ, की पैसे भरून एजंट घेऊ?

तुम्ही पुण्यात राहता, अमेरिकन ग्राहकांसाठी सॉफ्टवेअरचं काम करता आणि डेलावेअरऐवजी वायोमिंग चालेल का, असंही विचारलंय. आधी मामेभावाचं सांगते. चालणार नाही. रजिस्टर्ड एजंट म्हणजे कंपनीच्या नावाने आलेले कोर्टाचे आणि सरकारी कागद घेणारा माणूस. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, ज्या राज्यात नोंदवाल, त्याच राज्यात एजंटचा घर नंबर आणि रस्त्यासकट खरा पत्ता लागतो. पोस्ट बॉक्स चालत नाही. न्यू जर्सी डेलावेअरला कितीही खेटून असलं तरी राज्य वेगळं आहे.

पण समजा, तुमचा मामेभाऊ उद्या डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला राहायला गेला, तरी माझं उत्तर नाहीच असेल. का, ते सविस्तर लिहिते, कारण हेच करून आमचे तेरा हजार डॉलर गेले.

आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहतो. २०१६ साली मी डबे आणि केटरिंगसाठी एलएलसी काढली. तेव्हा आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये होतो आणि दर वर्षी घर बदलायचो. मोठ्या दिरांचं प्लेनोमध्ये स्वतःचं घर होतं. भाऊजी म्हणाले, "घरचा पत्ता असताना परक्याला दर वर्षी सव्वाशे डॉलर कशाला द्यायचे? एखादं पत्र आलंच तर मी फोन करीन ना." नवऱ्याला पटलं. मला पटलं नव्हतं, पण नव्या धंद्यात सव्वाशे डॉलर म्हणजे पिठाच्या किती गोण्या हा हिशोब माझ्याही डोक्यात होताच. फॉर्मवर भाऊजींचं नाव गेलं. खरं तर टेक्ससमध्ये एजंटची संमती लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात घेऊन ठेवावी लागते. आमची संमती फोनवरची.

२०१८ मध्ये अर्व्हिंगला स्वयंपाकघर भाड्याने घेतलं आणि वॉक-इन कूलर बसवून घेतला. निम्मे पैसे आधी दिले, ९,४०० डॉलर बाकी होते. तिसऱ्या आठवड्यात कंप्रेसर बंद पडला. सकाळी दार उघडलं तर आतून आंबट वास, चाळीस किलो पनीर आणि दही फेकून द्यावं लागलं. बसवणारा ठेकेदार दोन दिवस फोन उचलेना, म्हणून दुसऱ्याकडून २,३५० डॉलरला कंप्रेसर बदलून घेतला. ठेकेदाराला म्हटलं, हे बिल आणि फेकलेला माल वजा करून उरलेले पैसे लगेच घेऊन जा. तो म्हणाला, पूर्ण पैसे हवेत. मग त्याचे फोन बंद झाले. मला वाटलं, विषय मिटला.

जानेवारी २०१९ मध्ये सासूबाई कोथरूडच्या घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. भाऊजी नुकतेच निवृत्त झाले होते. ते आणि जाऊबाई ताबडतोब निघाले आणि पाच महिने पुण्यात राहिले. ऑपरेशन, फिजिओथेरपी, रात्रीची जागरणं, सगळं त्यांनी केलं. आम्हाला धंदा सोडून जाता आलं नाही. त्या पाच महिन्यांसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे, हे मनापासून लिहिते. पण त्याच पाच महिन्यांत माझ्या कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्याला कुलूप होतं.

ठेकेदाराने फेब्रुवारीत दावा लावला. पुढे कोर्टाची फाइल काढली तेव्हा समन्स घेऊन आलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र वाचलं. तीन फेऱ्या, तिन्हींच्या वेळा लिहिलेल्या. एकदा सकाळी दहा वीसला, एकदा संध्याकाळी पावणेसातला, एकदा शनिवारी दुपारी. पुढे शेरा होता: दार उघडलं नाही, गाडी नाही, उंबऱ्याशी पाला साचलेला. तो पाला मी अजून विसरलेले नाही. आमच्यापासून पंचवीस मिनिटांवरचं घर, आणि कुणी डोकावलं नाही. मीसुद्धा नाही.

असा प्रयत्न करूनही एजंट सापडला नाही की टेक्ससमध्ये राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे कंपन्यांची नोंदणी ठेवणारा अधिकारी, तुमच्या वतीने समन्स घेणारा ठरतो. समोरचा माणूस राजधानी ऑस्टिनमधल्या त्याच्या कार्यालयात कागद आणि ५५ डॉलर भरतो. तिथून ते रजिस्टर पोस्टाने तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावर पाठवतात. आमच्या बाबतीत तो पत्ता म्हणजे पुन्हा तेच कुलूप. पाकीट पिवळा स्टिकर लागून परत गेलं. तरी समन्स बजावलं असंच धरतात. कार्यालय तसा दाखला देतं, वकील मंडळी त्याला व्हिटनी सर्टिफिकेट म्हणतात, आणि तो कोर्टाला पुरतो. काउंटी कोर्टात उत्तर द्यायची मुदत म्हणजे समन्स बजावल्यापासून वीस दिवस उलटल्यानंतरचा पहिला सोमवार, सकाळी दहा. असा एक सोमवार माझ्या आयुष्यात येऊन गेला, बहुतेक मी तेव्हा कुणाच्या तरी बारशाचा मेनू ठरवत असेन. निकाल एकतर्फी लागला. मूळ बाकी, वकिलाची फी आणि खर्च धरून १४,१०० डॉलर.

कळलं कसं? त्या वर्षी गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. आदल्या शुक्रवारी मंडळाच्या चारशे उकडीच्या मोदकांचं सामान घ्यायला गेले. गाडीत नारळ, गूळ, तांदळाची पिठी. कार्ड चालेना. दुसऱ्यांदा घासलं, तरी नाही. बँकेत फोन केला तर बाई म्हणाल्या, कोर्टाच्या आदेशाने खातं अडवलंय. मागे रांग होती. नारळ एकेक करून मी परत खोक्यात ठेवले. सामान शेवटी नवऱ्याच्या कार्डावर घेतलं, मोदकही वेळेवर दिले, पण त्या दिवशी गाडीत बसून मी पंधरा मिनिटं नुसती स्टीअरिंग धरून होते.

वकिलाकडे गेलो. निकालाला आव्हान द्यायची नेहमीची मुदत तीस दिवसांची, ती संपली होती. निकालाचं कळलंच नाही म्हणावं, तर निकाल कळवणारं कोर्टाचं पोस्टकार्ड जूनमध्ये, भाऊजी परत आल्यानंतर घरी पोचलं होतं. शेजाऱ्यांनी जमा केलेल्या टपालाच्या खोक्यात तेही पडलं आणि खोकं गॅरेजमध्ये गेलं. आणखी लढता आलं असतं, पण वकिलाने स्पष्ट सांगितलं की पहिला प्रश्न येणार, तुमची स्वतःची हयगय होती का? एजंट आणि त्याचा पत्ता ठीक ठेवणं हे कंपनीचं काम आहे, एजंटचं नाही. शेवटी १३,००० वर तडजोड केली. कंप्रेसरचं २,३५० चं बिल माझ्या फाइलमध्ये होतं. ते कोणत्याही न्यायाधीशाने कधी पाहिलंच नाही. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

घरात हा वाद अजून आहे. भाऊजी म्हणतात, चूक ठेकेदाराची, आणि आईसाठी गेलो तो काय गुन्हा केला का? नाही केला. पण एजंटच्या कामात विश्वास, माया, नातं यातलं काहीच लागत नाही. कामाच्या दिवशी कामाच्या वेळेत त्या पत्त्यावर माणूस हजर हवा, बस. घरचा माणूस आजारी पडतो, गावी जातो, घर विकतो, आणि त्याने तसं करायलाच हवं. पैसे घेणारा एजंट काही मोठा हुशार नसतो. त्याच्याकडे टेबलाशी कुणीतरी बसलेलं असतं आणि आलेला कागद स्कॅन होऊन तुम्हाला ईमेलने येतो. शंभर-दीडशे डॉलर त्याचे.

मी तेव्हाच एजंट बदलला. टेक्ससमध्ये त्या फॉर्मची फी १५ डॉलर आहे. पंधरा.

आता तुमच्याबद्दल. डेलावेअरमध्ये नोंदणीला ११० डॉलर आणि नंतर दर वर्षी १ जूनपर्यंत ३०० डॉलर कर. चुकला तर २०० डॉलर दंड आणि महिना दीड टक्का व्याज. वायोमिंग स्वस्त आहे, नोंदणी १०० आणि वार्षिक किमान ६०. गुंतवणूकदार आणणार नसाल तर डेलावेअरचा हट्ट मला कळत नाही. एजंट दोन्हीकडे लागतोच. विल्मिंग्टनला १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट ही एकमजली इमारत दोन लाखांहून जास्त कंपन्यांचा पत्ता आहे, त्यामुळे एजंटचा पत्ता वापरायला संकोच बाळगू नका. फक्त त्याची फी आणि तुमचा ईमेल सांभाळा. फी थकली तर तो राजीनामा दाखल करू शकतो, आणि त्यानंतर तीस दिवसांत डेलावेअरमध्ये नवा एजंट नेमला नाही तर एलएलसीची नोंदणीच रद्द होते.

मी वकील नाही, हे माझ्या अनुभवाचं आहे. राज्याराज्यांत फरक आहे. न्यू यॉर्कमध्ये एलएलसीसाठी सेक्रेटरी ऑफ स्टेट कायद्यानेच समन्स घेतो, वेगळा एजंट ऐच्छिक आहे. त्या राज्यातच दुकान असेल आणि तुम्ही दिवसभर तिथे बसत असाल तर स्वतः एजंट व्हायला हरकत नाही, पत्ता मात्र सगळ्या जगाला दिसतो. तुम्ही भारतात राहून एकटे मालक असाल तर फॉर्म ५४७२ चं, म्हणजे परदेशी मालकाच्या कंपनीने अमेरिकन करखात्याला द्यायच्या माहितीचं, सीएला जरूर विचारा. तो भरायचा राहिला तर दंड २५,००० डॉलरपासून सुरू होतो आणि एजंट त्याची आठवण करून देईलच असं नाही. फेमाचंही, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याचंही, त्याच बैठकीत विचारून घ्या.

गेल्या वर्षी भाऊजींच्या मुलाने बागकामाची एलएलसी काढली. एजंट म्हणून वडिलांचं नाव, पत्ता तोच, प्लेनोचा. भाऊजी आणि जाऊबाई डिसेंबरमध्ये पुण्याला जाणार आहेत. मी त्याला १५ डॉलरच्या फॉर्मची लिंक दोनदा पाठवली आहे. अजून त्याने भरलेला नाही.