ढकलली जातात, ओढली जातात की वळतात?

‘युद्धामुळे सामान्य माणसं अतिरेकी संघटनांकडे वळतात’ या वाक्यात ‘वळतात’ बरोबर, की ‘ओढली जातात’, की ‘ढकलली जातात’, असा प्रश्न आला आहे.

व्याकरणाला तिन्ही चालतात. पण प्रत्येक क्रियापद वेगळी हकीकत सांगतं.

ढकलणारा पाठीमागे असतो. मे २००३ मध्ये इराकमधल्या अमेरिकी प्रशासनाने तिथलं लष्करच बरखास्त केलं. हत्यार चालवता येणारे लाखो लोक एका आदेशासरशी बेकार झाले आणि त्यातले काही बंडखोरांना जाऊन मिळाले. इथे ‘ढकलले गेले’ शोभतं. आफ्रिकेतल्या आठ देशांत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने अशा संघटनांत गेलेल्यांशी बोलून २०२३ साली अहवाल दिला. स्वेच्छेने गेलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांनी एका विशिष्ट घटनेनंतर निर्णय घेतल्याचं सांगितलं. त्यांच्यापैकी ७१ टक्के लोकांच्या बाबतीत ती घटना म्हणजे मानवी हक्कांची पायमल्ली होती, आणि ती अनेकदा सरकारी दलांनीच केलेली.

ओढणारा पुढे उभा असतो: पगार, संरक्षण, सूडाची संधी. त्याच पाहणीत स्वेच्छेने गेलेल्या दर चौघांतल्या एकाने रोजगार हे मुख्य कारण सांगितलं. पोटासाठी गेलेल्या या माणसाला आपण सरसकट ‘अतिरेकी’ म्हणतो. मुळात हा शब्द ‘अतिरेक’वरून, म्हणजे मर्यादा ओलांडण्यावरून आला, त्यात विचारांची टोकाची धार गृहीत आहे. ती प्रत्येकाकडे असतेच असं नाही.

‘वळला’ म्हटलं की निर्णय त्या माणसाचा ठरतो. तो खरंच त्याचा असेल, तर हेच क्रियापद प्रामाणिक.

माझा खरा आक्षेप आहे तो मात्र ‘युद्धामुळे’ आणि ‘सामान्य माणसं’ या जोडीला. ‘मुळे’ लावलं की युद्ध हे एकमेव कारण होतं आणि ‘काही’ गाळलं की सगळेच त्यात येतात. युद्धात होरपळलेली बहुतांश माणसं कुठल्याच संघटनेत जात नाहीत. ती घर सोडतात, मुलांना जगवतात, रांगेत उभी राहतात. म्हणून मी ‘युद्धाच्या काळात काही माणसं’ असं लिहीन.

आणि जिथे ही तिन्ही क्रियापदं अन्याय करतात, तिथे ती टाळावीत. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियातल्या चिबोकच्या शाळेतून बोको हरामने २७६ मुलींना नेलं. त्या वळल्या नाहीत, ओढल्याही गेल्या नाहीत. त्यांना पळवून नेलं, असंच लिहायचं, आणि कोणी नेलं तेही.